परदेशातलं शाळेचं वर्ष: पालकांनी भेटायला कधी जावं, मुलीने कुठे फिरावं, घरी कधी यावं

तुमची मुलगी सोळा वर्षांची. शालेय एक्स्चेंजवर ऑगस्टपासून पुढच्या जूनपर्यंत युरोपात एका होस्ट कुटुंबाकडे राहणार. डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही दोघं धाकट्याला घेऊन तिच्याकडे जायचं म्हणताय, तिला बरोबर घेऊन आजूबाजूचे दोन-तीन देश पाहायचेत. एक्स्चेंज चालवणाऱ्या संस्थेने नकार दिलाय आणि तुम्हाला तो नकार अतिरेकी वाटतोय. शिवाय आजीची तब्येत नाजूक आहे, म्हणून मध्येच आठ-दहा दिवस लेकीला घरी आणता येईल का, आणि एरवी तिने तिथे कुणाबरोबर फिरावं, हेही विचारलंय.

एक्स्चेंजच्या मुलांची व्यवस्था बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, पाठवणाऱ्या बाजूने आणि होस्ट कुटुंबांच्या बाजूनेही. त्यामुळे आधी सरळ सांगते. डिसेंबरमध्ये जाऊ नका. एप्रिलनंतर जा, नाहीतर अगदी शेवटी. आजीसाठी घरी आणायचं की नाही हे आत्ताच, ती निघायच्या आधी, तिच्यासमोर बसून ठरवा. आणि फिरण्याचं म्हणाल तर तिने भरपूर फिरावं, पण पहिले सहा-सात महिने तिथल्या माणसांच्या सोबतीने.

संस्था आडमुठेपणा करतेय असं वाटणं साहजिक आहे, पण हा नियम तुमच्यासाठी खास काढलेला नाही. रोटरी यूथ एक्स्चेंज, म्हणजे रोटरी क्लबांचा विद्यार्थी एक्स्चेंज कार्यक्रम, त्याच्या नियमावलीतही हेच आहे: पालक, भावंडं, मित्र यांच्या भेटीला यजमान क्लब आणि डिस्ट्रिक्ट (अनेक क्लबांचा मिळून विभाग) यांची संमती लागते. भेट साधारणपणे शेवटच्या तिमाहीत किंवा शाळेच्या सुट्टीत, आणि मोठ्या सणांच्या दिवसांत नाही. इतर संस्थांचे शब्द वेगळे, पण रोख हाच. असे नियम कागदावर येतात ते दरवर्षी तोच घोळ निस्तरावा लागतो म्हणून.

घोळ काय होतो ते सांगते. पहिले दोन-तीन महिने मूल पाहुणं असतं. सगळे हळू बोलतात, तिच्यासाठी थांबतात, चुका हसून सोडून देतात. मग कौतुक ओसरतं. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात तिला वर्गातलं बरंचसं कळू लागलेलं असतं, पण विनोद करता येत नाही, भांडता येत नाही, मनातलं सांगताना वाक्य अर्ध्यावर तुटतं. थकवा येतो. शाळेतून आली की झोपते, फोनवर तुमच्याशी जास्त बोलते, 'इथे कुणी माझं नाही' असं एखाद्या रात्री म्हणते. आणि नेमका तोच मुहूर्त तुम्ही भेटीसाठी निवडलाय.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास करून परक्या देशात रुळण्याचा आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा दाखवला होता: सुरुवातीला वर, मध्ये खोलात, मग पुन्हा वर. पुढे त्यावर आक्षेप बरेच आले. प्रत्येकाचं असंच होत नाही, कित्येकांना पहिलाच आठवडा सगळ्यात जड जातो. मी तो आलेख पालकांच्या हाती देत नाही, कारण मग ते तारखा मोजत बसतात. पण मधला खड्डा खरा आहे, आणि त्यातून वर येताना मूल ज्याचा हात धरतं तो माणूस त्याचा होतो. तो हात होस्ट आईचा असावा, वर्गातल्या मैत्रिणीचा असावा, म्हणून तर ही सगळी खटपट. त्या दिवसांत तुम्ही समोर उभे राहिलात तर ती तुमचाच धरणार. त्यात तिचाही दोष नाही, तुमचाही नाही.

डिसेंबरच्या सुट्टीची आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरून दिसत नाही. वर्षात पहिल्यांदाच होस्ट कुटुंब सलग आठ-दहा दिवस घरात एकत्र असतं. आजी-आजोबा, चुलत भावंडं येतात. तिला कामं वाटून दिली जातात, फोटोत मधोमध उभं केलं जातं, कुणीतरी तिच्यावर पहिल्यांदा चिडतंही. पाहुणी घरची होते ती याच आठवड्यात. तेवढे दिवस ती तुमच्याबरोबर हॉटेलात असेल, तर जानेवारीत ती परत पाहुणी म्हणूनच त्या घरात शिरते. होस्ट कुटुंबांचे मला येणारे अवघड फोन बरेचदा अशा भेटीनंतरच्या आठवड्यातले असतात: 'तिचे आईवडील फार चांगले आहेत हो, पण ते गेल्यापासून ती खोलीतून बाहेर येत नाही.'

अपवाद आहेत. ब्राझील, ऑस्ट्रेलियासारख्या दक्षिण गोलार्धातल्या देशांत शाळेचं वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपतं. फेब्रुवारीत गेलेल्या मुलाला नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे अखेर, तेव्हा माझी हरकत नाही. विद्यापीठात शिकणारी वीस-बावीस वर्षांची मुलं स्वतंत्र खोलीत राहतात, कुणाच्या घरात नाही. त्यांच्याकडे कधी जायचं ते त्यांनाच विचारा, परीक्षा तेवढ्या टाळा. आणि मूल खरोखर आजारी असेल, रुग्णालयात असेल, तर नियम बाजूला. कोणतीही शहाणी संस्था तिथे अडवत नाही.

आता नातेवाईक. हा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण तो हमखास निघतो. मामा त्याच देशात, गाडीने तीन तासांवर राहतो, मग 'शनिवार-रविवार मामाकडे जात जा' असं निघतानाच ठरतं. पालकांच्या एका भेटीपेक्षा हे जास्त नुकसान करतं असं माझं मत आहे. मुलांच्या मैत्री शनिवार-रविवारीच होतात. सोमवारी वर्गात 'परवा आम्ही काय धमाल केली' चालू असतं तेव्हा ती मामाकडची भाजी खाऊन आलेली असते. मामाचा नंबर अडीअडचणीला जवळ असू द्या, वर्षाच्या उत्तरार्धात एकदा त्यांनी येऊन जावं, तेही होस्ट कुटुंबाला आधी विचारून.

व्हिडिओ कॉलचंही तसंच. रोज तासभर कॉल म्हणजे रोजची भेटच. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पुरे. मध्ये ती काही लिहून पाठवेल त्याला उत्तर द्या, स्वतःहून 'जेवलीस का' विचारू नका.

समजा तुम्ही मे महिन्यात गेलात. मग ही भेट फार सुंदर होऊ शकते, फक्त सूत्रं तिच्या हातात द्या. अशाच एका भेटीत मी जेवणाच्या टेबलावर होते. मुलगी मधल्या खुर्चीत, एका बाजूला स्वतःची आई, दुसरीकडे होस्ट आई, आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पहिली दहा मिनिटं ती नीट भाषांतर करत होती. मग गप्पा रंगल्या आणि तिची गल्लत होऊ लागली: होस्ट आईकडे वळून तिने घडाघडा मराठीत सांगितलं, आणि आपल्या आईला परक्या भाषेत म्हणाली, 'मीठ दे ना.' दोघी आधी गप्प, मग इतक्या हसल्या की मिठाचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. डिसेंबरमध्ये त्या टेबलावर वडिलांनाच इंग्रजीत किल्ला लढवावा लागला असता आणि मुलगी ताटात बघत बसली असती.

राहायचं मात्र हॉटेलात किंवा भाड्याच्या घरात. होस्ट कुटुंब आग्रहाने बोलावील, तरी एक-दोन रात्रींच्या वर नको. बहुतेक एक्स्चेंजमधली होस्ट कुटुंबं पैसे न घेता मुलाला ठेवतात. त्यात आणखी तीन माणसांचं पाहुणचाराचं ओझं टाकू नये. त्यांच्या घरातल्या शिस्तीवर बोलू नका, मुलीची खोली आवरू नका, आणि 'आमच्या मुलीला इतक्या थंडीत सायकलने का पाठवता' हा प्रश्न तर मुळीच नको. 'अभ्यास कसा करते' वगैरे चौकशी तिच्यादेखत करू नका, तिला ती भाषा आता कळते. एक जेवण तुम्ही त्यांना बाहेर द्या. ती होस्ट आईला 'आई' म्हणाली तर आत कुठेतरी टोचेल. टोचू द्या, चेहऱ्यावर दाखवू नका.

गावात तिने तुम्हाला फिरवावं. तिकीट तिने काढावं, रस्ता तिने विचारावा. वडिलांचा हात सवयीने पाकिटाकडे आणि फोनमधल्या नकाशाकडे जातो, तो खिशातच ठेवा. चुकीच्या बसमध्ये बसलात तरी चालेल. धाकट्याला तिची शाळा पाहायची असेल तर शाळेला आधी विचारावं लागतं, आणि ते मुलीनेच विचारावं. दहा दिवसांची सहल असेल तर त्यातले पहिले तीन-चार दिवस तिच्या गावात घालवा, मग फिरायला निघा. उलट क्रमाने कधीच नको. विमानतळावरूनच तिला उचलून थेट राजधानी गाठणारे पालक तिचं वर्ष न पाहताच परततात.

शाळेचे दिवस बुडवून प्रवास नको. जर्मनीत शाळेतली हजेरी ही कायद्याची बाब आहे आणि सुट्टीला जोडून जादा दिवस सहसा मिळत नाहीत. इतरत्र एवढा कडकपणा नसला तरी एक्स्चेंज विद्यार्थ्याची हजेरी संस्था पाहतेच.

आता कागदपत्रं. इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक सहली मोडतात त्या इथेच.

शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवरची नेहमीची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांचा गट. त्यातल्या एखाद्या देशाचा निवास-परवाना किंवा दीर्घ मुदतीचा डी व्हिसा असेल तर मुलगी इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरू शकते; ज्या देशाने परवाना दिला तिथले दिवस यात धरत नाहीत. पण परवान्याचं कार्ड प्रत्यक्ष हातात येईपर्यंत तिने सीमा ओलांडू नये, हा माझा नियम. कार्डाला काही ठिकाणी महिनोन्महिने लागतात. 'दोन-तीन देश' ठरवताना नकाशा बघून फसू नका: आयर्लंड आणि सायप्रस युरोपियन युनियनमध्ये आहेत पण शेंगेनमध्ये नाहीत, स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युनियनमध्ये नाहीत पण शेंगेनमध्ये आहेत, आणि ब्रिटन दोन्हीत नाही. लंडनसाठी तिला आणि तुम्हाला व्हिसा लागतो का ते वेगळं तपासावं लागतं.

तुमच्या स्वतःच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, अडचण आली तर पंचेचाळीसपर्यंत. आरोग्य विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. आणि एक कळकळीची विनंती: होस्ट कुटुंबाकडून निमंत्रणपत्र, त्यातही आर्थिक हमीचं पत्र मागू नका. काही देशांत त्या हमीला कायदेशीर जबाबदारी चिकटते. भिडेपोटी ते देतील आणि मग वर्षभर ते अवघडलेपण मुलगी वाहील. हॉटेलचं बुकिंग जोडा, मुलीच्या परवान्याची आणि शाळेच्या पत्राची प्रत जोडा, तुमच्या उत्पन्नाची कागदपत्रं द्या. एवढ्यावर काम व्हायला हवं.

युरोपाऐवजी अमेरिका असती तर जे-१ या एक्स्चेंजच्या व्हिसावर गेलेल्या मुलाने देशाबाहेर पाऊल टाकण्याआधी डीएस-२०१९ या फॉर्मवर संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याची प्रवासासाठीची सही घ्यावी लागते. शिवाय व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे की अनेक, हे पासपोर्टवर बघायचं. जपानमध्ये एक वर्षाच्या आत परतणार असाल तर वेगळा परवाना काढावा लागत नाही, पण देश सोडताना विमानतळावरच्या कार्डावर 'परत येणार' या अर्थाच्या चौकोनात खूण करावी लागते. ती राहिली तर निवासाचा दर्जाच जातो. एका खुणेवर अख्खं वर्ष!

ती होस्ट कुटुंबाबरोबर देशाबाहेर जाणार असेल तर तुम्हा दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतीपत्र हवं: तिचं नाव, पासपोर्ट क्रमांक, बरोबरच्या मोठ्या माणसांची नावं, देश, तारखा. आडनावं वेगळी असलेली मोठी माणसं आणि एक अल्पवयीन मुलगी असं चित्र दिसलं की सीमेवरचा अधिकारी विचारणारच, आणि त्याने विचारावंच. सरसकट वर्षभराचं 'कुठेही नेऊ शकता' असं पत्र देऊ नका. दर सहलीला नवं द्या. संस्थेच्या विम्यात कोणते देश येतात तेही बघा. कित्येक पॉलिसी मूळ देशात, म्हणजे तुमच्या घरी, चालत नाहीत, आणि स्कीइंगसारखे खेळ वगळलेले असतात.

एकटीने किंवा मैत्रिणींबरोबर फिरण्याबद्दल: दिवसाची सहल, शेजारच्या शहरात सिनेमा, यासाठी होस्ट कुटुंबाची परवानगी पुरते. रात्रीचा मुक्काम आला की संस्थाही आली. रोटरीच्या नियमांत, होस्ट कुटुंबाबरोबरचा आणि क्लबच्या कार्यक्रमांचा प्रवास सोडला तर इतर प्रवासाला होस्ट डिस्ट्रिक्ट, होस्ट क्लब, होस्ट कुटुंब आणि तुम्ही, अशा सगळ्यांची लेखी मंजुरी लागते. मुलं इथे एक युक्ती करतात: होस्ट कुटुंबाला सांगतात 'आईबाबांनी हो म्हटलंय' आणि तुम्हाला सांगतात 'इथे सगळे हो म्हणालेत'. तिने विचारलं की तुमचं उत्तर एकच असू द्या: 'आधी तिथल्यांना विचार, त्यांचं लेखी आलं की आम्ही सांगतो.' संस्थांच्या एक्स्चेंज विद्यार्थ्यांसाठीच्या एकत्रित सहली असतात, त्या मात्र खर्च परवडत असेल तर चुकवू नका. इतर देशांतून आलेली, तिच्यासारखीच धडपडणारी मुलं तिला तिथे भेटतात, आणि ती मैत्री खूप टिकते.

आजीचं. हे सगळ्यात कठीण, म्हणून शेवटी ठेवलं नाही, पण कागद आधी संपवले.

'सहज आठ-दहा दिवस' घरी येणं मी टाळायला सांगते. शरीराला एकेका टाइम झोनमागे साधारण एक दिवस लागतो. जाताना आणि येताना धरून त्या दहा दिवसांतलं हाती फार थोडं लागतं, आणि परतल्यावर रुळणं पुन्हा पहिल्यापासून. पण आजी अत्यवस्थ असेल तर प्रश्न वेगळा आहे. लेक निघायच्या आधी तिला विचारा: आजी फार आजारी झाली तर तुला यायचंय का? आजी गेली तर? काही मुलं म्हणतात मला यायचंच आहे, काही म्हणतात मी तिला आत्ताच भेटून घेते. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आजीला बोलायची ताकद असेल तर तिलाही विचारा. 'माझ्यासाठी वर्ष मोडू नकोस' हे आजीच्या तोंडून ऐकलेलं असणं आणि आईने परस्पर ठरवलेलं असणं यात फार फरक पडतो.

संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा: कौटुंबिक कारणासाठी जास्तीत जास्त किती दिवस जाता येतं, कोणत्या नात्यासाठी, आणि किती दिवसांनंतर कार्यक्रमच संपला असं धरतात. तिकिटाचा खर्च सहसा तुमचाच.

आणि लपवू नका. 'परदेशात एकटी आहे, कशाला सांगायचं, आल्यावर सांगू' असं म्हणून मृत्यू महिनोन्महिने दडवून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. मुलांना कळतंच, बहुतेक वेळा एखाद्या चुलत भावंडाच्या फोटोवरून, आणि तेही मध्यरात्री. आधी होस्ट आईवडिलांना किंवा संस्थेच्या कोऑर्डिनेटरला कळवा, ते तिच्याजवळ बसले आहेत याची खात्री करा, आणि मग तुम्ही स्वतः फोन करून सांगा. कामाच्या दिवशी शाळा सुटल्यावर. झोपायच्या वेळी नको.

राहिला परतीचा प्रवास. जूनमध्ये जाऊन तिला घेऊनच यायचं असेल तर संस्थेला फेब्रुवारी-मार्चमध्येच कळवा. कार्यक्रम संपला की संस्थेची देखरेख संपते, विमाही बहुधा त्याच दिवशी, आणि पुढची जबाबदारी तुमची असं लिहून द्यावं लागतं. काही संस्था ठरलेल्या मार्गाने थेट घरीच पाठवतात, तिथे घासाघीस होत नाही. निवास-परवाना कोणत्या तारखेला संपतो ते कार्डावर पाहा आणि सहल त्याच्या आत बसवा. अमेरिकेत जे-१ कार्यक्रम संपल्यावर ३० दिवस देशात फिरता येतं, पण त्या काळात कॅनडा बघून परत येऊ म्हटलंत तर त्या व्हिसावर परत घेत नाहीत.

शेवटचा आठवडा तिला एकटीला द्या. मैत्रिणींचे निरोप, शाळेतला शेवटचा दिवस, होस्ट भावंडांशी भांडून मग रडणं, यात तुम्ही कोपऱ्यात उभे असलात तर ती मोकळी होणार नाही. तिला एकाच वेळी दोन घरांना सांभाळावं लागेल. निरोप झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोहोचा. होस्ट कुटुंब तिला स्टेशनवर सोडील, तिथून तुम्ही घ्या. तारखा संस्थेकडून पक्क्या होईपर्यंत बदलता येणारंच तिकीट काढा, चार पैसे जास्त गेले तरी.